लॅपटॉपची रॅम वाढवायची आहे: ८ वर ८ टाकू का?

अनुवादिनी | रविवार, रात्री १०:१५

मंडळी, मदत हवी आहे.

मी सांगलीत घरून भाषांतराचं काम करते. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून जुना, दुरुस्त करून विकलेला थिंकपॅड टी४८० घेतला. आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. यंत्राबद्दल तक्रार नाही, त्याच्या कीबोर्डवर तर माझा जीव आहे. पण एका बाजूला ३०० पानांची पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्ड, भाषांतराचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये शब्दकोशांचे पंधरा-वीस टॅब, आणि त्यात क्लायंटने मीटिंग लावली की सगळं गोठतं. माउसचा बाण जागच्या जागी थिजतो आणि मी पलीकडच्या माणसाला 'हॅलो, हॅलो' करत बसते.

भाचा म्हणतो, मावशी नवीन घे. भाच्याचं काय जातंय!

विकताना त्या माणसाने सांगितलं होतं, "मॅडम, ८ ची एक रॅम आहे, एक स्लॉट रिकामा आहे, कधीही वाढवा." तर तो स्लॉट भरावा म्हणते. पण ऑनलाइन पाहिलं तर ८ जीबीमध्येच २४००, २६६६, ३२०० असे आकडे. माझ्या यंत्राला कुठला? मोठा आकडा घेतला तर काही जळेल, की नुसतेच पैसे जातील? आणि किमती बघून तर चक्कर आली. गेल्या वर्षी भाच्यासाठी घेतली तेव्हा निम्म्याहून कमी होती.

पाना_नं_१० | रविवार, रात्री १०:४०

ताई, खरेदीचं बटण दाबू नका अजून.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीड, स्लॉट्स यूज्ड, फॉर्म फॅक्टर अशा ओळी असतात. त्या जशाच्या तशा इथे टाका. आणि नेहमीचं सगळं काम उघडं ठेवून वर किती टक्के वापर दिसतो तेही सांगा. रॅम भरतच नसेल तर वाढवून उपयोग नाही, दुखणं दुसरीकडे असेल.

विकणाऱ्याच्या तोंडी हिशोबावर मी रॅम घेत नाही. वीस वर्षं हेच करतोय.

पेंग्विनपाळ | रविवार, रात्री १०:५२

लिनक्स टाका, ८ मध्ये घोड्यासारखं पळेल.

अनुवादिनी | रविवार, रात्री ११:०५

@पेंग्विनपाळ, माझं भाषांतराचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. नाहीतर केव्हाच टाकलं असतं हो.

@पाना, हे घ्या. सगळं उघडं ठेवलं तर ७.१ जीबी, ९१ टक्के. स्पीड २४००. फॉर्म फॅक्टर एसओडिम. स्लॉट्स यूज्ड: २ ऑफ २.

थांबा. दोनपैकी दोन म्हणजे दोन्ही भरलेत?

पाना_नं_१० | रविवार, रात्री ११:०९

होय. ४ आणि ४ आहेत. रिकामा स्लॉट नाही. एसओडिम म्हणजे लॅपटॉपची छोटी, काढता येणारी पट्टी.

अनुवादिनी | रविवार, रात्री ११:११

दोन वर्षं मी त्या रिकाम्या स्लॉटच्या भरवशावर निवांत होते!

कुळीथपिठी | सोमवार, सकाळी ७:३०

यात एक बरं झालं, ८ मागवून बसला नाहीत. आमच्या सावंतवाडीत माझ्या भावाने मागवली, उघडून बघतो तर जागाच नाही. ती स्टिक अजून देवघराखालच्या खणात आहे.

बेरीजवजाबाकी | सोमवार, सकाळी ९:२०

आकड्यांचा प्रश्न आधी सोडवू, कारण निम्मे लोक इथेच फसतात.

पहिली गोष्ट पिढी. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तिघी एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या डीडीआर३ ला २०४ पिना, ४ ला २६०, ५ ला २६२. डीडीआर४ आणि ५ मध्ये दोनच पिनांचा फरक म्हणून कुणी जोर लावू नका, मधली खाच वेगळ्या जागी आहे आणि विजेचा दाबही वेगळा: डीडीआर४ ला १.२ व्होल्ट, ५ ला १.१. टी४८० ला डीडीआर४, विषय संपला.

दुसरी गोष्ट वेग. ८२५०यू हा प्रोसेसर डीडीआर४ जास्तीत जास्त २४०० ने चालवतो. तुम्ही ३२०० ची स्टिक घातली तर ती मुकाट्याने २४०० वर चालेल. जळत-बिळत काही नाही. वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक असतील तर दोन्ही हळू असलेलीच्या वेगाने चालतात. म्हातारीला घेऊन पायी निघालं की सगळ्यांनी तिच्या चालीने जायचं असतं तसं. सध्या दुकानात ३२०० चीच जास्त मिळते, तेव्हा २४०० शोधत वणवण करू नका. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मात्र देऊ नका.

काही स्टिकांवर वेग असा थेट लिहिलेला नसतो, पीसी४-१९२०० किंवा पीसी४-२५६०० असतं. घाबरू नका, वेगाला ८ ने गुणलेलं आहे. २४०० गुणिले ८ बरोबर १९,२००. सेकंदाला तेवढे मेगाबाइट वाहतात, निदान कागदावर.

आखाती | सोमवार, सकाळी १०:०५

सॅमसंगची असेल तर लेबलवरच्या लांबलचक नंबरची शेपटी बघायची. सीआरसी म्हणजे २४००, सीटीडी म्हणजे २६६६, सीडब्ल्यूई म्हणजे ३२००. शारजात जुन्या बाजारातून घ्यायची सवय लागल्यापासून हे पाठ झालंय.

नवखा७७ | सोमवार, दुपारी १२:४५

ताईंचा धागा पळवतोय, माफी. माझा २०१४ चा लॅपटॉप, आय५-४२१०यू, ४ जीबी. काल गल्लीतल्या दुकानातून ४ ची डीडीआर३ घेतली, १६०० ची. जुनीवरही १६००, नवीनवरही १६००. घातली की स्क्रीन काळी. फक्त पंखा फिरतो. काढली की चालू. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. मदरबोर्ड गेला तर जुनीवर चालतो कसा?

पाना_नं_१० | सोमवार, दुपारी १:१०

मदरबोर्ड ठणठणीत आहे. दोन्ही स्टिकांवर 'पीसी३' च्या पुढे 'एल' आहे का, ते बघा.

नवखा७७ | सोमवार, दुपारी १:२५

जुनीवर पीसी३एल-१२८००. नवीनवर पीसी३-१२८००. एल नाही!

पाना_नं_१० | सोमवार, दुपारी १:४८

सापडलं. त्या एका अक्षरासाठी मी आत्तापर्यंत किती बोर्ड 'मेलेले' म्हणून आलेले बघितलेत, मोजदाद नाही.

साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते. एल म्हणजे लो व्होल्टेज, १.३५. तुमची चौथी पिढी, यू वाला (कमी विजेचा) प्रोसेसर, फक्त १.३५ देतो. साधीला तेवढ्यात जाग येत नाही. खाच तीच, २०४ पिना त्याच, म्हणून ती आत बसते अगदी झोकात, आणि माणूस बोर्डाला बोल लावतो. उलट्या बाजूने अडचण नसते, एल वाली स्टिक १.५ च्या जुन्या यंत्रातही चालते. म्हणून डीडीआर३ घ्यायचीच असेल तर डोळे मिटून एल घ्यावी.

अजून एक, आधीच सांगून ठेवतो. तुमच्या पिढीला एका स्लॉटमध्ये ८ च्या वर चालत नाही. डीडीआर३एल मध्ये १६ ची स्टिक मिळते, पण ती नंतरच्या पिढ्यांसाठी. कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका.

दुकानात परत जा, भांडू नका, एल वाली बदलून मागा. त्याने मदरबोर्ड बदलायचे किती सांगितले होते?

नवखा७७ | सोमवार, दुपारी १:५५

सांगत नाही. आईशप्पथ, सांगायला लाज वाटते. निघालो दुकानात.

मावळतीकर | सोमवार, दुपारी ३:००

माझी मॅकबुक एअर २०१७ ची आहे, ८ जीबी. तिची १६ होईल का?

बेरीजवजाबाकी | सोमवार, दुपारी ३:०४

नाही. बोर्डावरच झाळलेली (सोल्डर केलेली) आहे.

मावळतीकर | सोमवार, दुपारी ३:०५

कुठल्याच मॅकबुकची होत नाही?

बेरीजवजाबाकी | सोमवार, दुपारी ३:१२

२०१२ च्या मधला, रेटिना नसलेला, १३ इंची मॅकबुक प्रो हा रॅम बदलता येणारा शेवटचा. तो २०१६ पर्यंत विकला जात होता. एअरची तर पहिल्यापासूनच झाळलेली. विंडोजच्या नव्या पातळ लॅपटॉपांचंही आता तेच चाललंय. माहितीपत्रकात एलपीडीडीआर४एक्स किंवा एलपीडीडीआर५ असं दिसलं की समजायचं, स्लॉट नाही, घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. इथेही 'एल' म्हणजे कमी वीजच, पण डीडीआर३एल मधल्या एलशी गल्लत करू नका, ही जातच वेगळी.

(अवांतर: कॅम२ नावाचा चपटा, स्क्रूने आवळायचा रॅमचा नवा प्रकार आलाय. त्याच्या एलपीडीडीआर भावंडामुळे ही जातसुद्धा बदलता येते. थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत, २०२४ मध्ये, ते भावंड दिसलं. आपल्या खिशाच्या टप्प्यात यायला वेळ आहे.)

अनुवादिनी | सोमवार, संध्याकाळी ६:३०

माझ्याकडे परत या हो. ४ आणि ४ आहेत. आता ८ + ८ घ्यायच्या म्हणजे दोन घ्याव्या लागणार आणि दोन्ही जुन्या काढून ठेवाव्या लागणार. काय करू?

बेरीजवजाबाकी | सोमवार, संध्याकाळी ७:००

८ + ८, एकाच कंपनीच्या, जोडीने. मी दुसरं काही सांगणार नाही.

कारण ड्युअल चॅनल. एक स्टिक म्हणजे एक वाट, १९,२०० मेगाबाइट. दोन सारख्या स्टिक म्हणजे दोन वाटा, ३८,४००. तुमच्या यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रसुद्धा याच रॅममधून वाटा घेतं. दोन स्क्रीन लावून बसलात, त्यात मीटिंगचा व्हिडिओ, की फरक जाणवतो.

पाना_नं_१० | सोमवार, संध्याकाळी ७:३५

बेरीजभाऊंचं गणित बरोबर आहे, पण बाजार बघा. मी म्हणेन एकच १६ ची घ्या आणि एक ४ काढून तिच्या जागी बसवा. १६ + ४ = २०.

लोक म्हणतात असमान स्टिक चालत नाहीत. चालतात. इंटेल त्याला फ्लेक्स मोड म्हणतं: ४ च्या समोरची ४ जोडीने चालते, म्हणजे पहिली ८ जीबी दोन वाटांनी, उरलेली १२ एका वाटेने. ताईंचं काम बघा. पीडीएफ, वर्ड, टॅब. गेम नाही, व्हिडिओ कापणं नाही. त्यांना वेगापेक्षा जागा कमी पडतेय. ९१ टक्के भरलंय, बाकीचं एसएसडीवर, म्हणजे रॅमहून हळू असलेल्या साठवणीवर, ढकललं जातंय, म्हणून बाण थिजतो. आणि पुढे कधी दर उतरले तर दुसरी १६ घालून ३२ करता येतील. ८ + ८ घेतल्या तर पुढच्या वेळी पुन्हा एक तरी काढूनच ठेवावी लागेल.

बेरीजवजाबाकी | सोमवार, संध्याकाळी ७:५०

असमान जोडीत मधूनच निळी स्क्रीन आलेली मी पाहिली आहे.

पाना_नं_१० | सोमवार, संध्याकाळी ७:५८

मी सारख्या जोडीतही पाहिली आहे. स्टिक खराब होती. असमानतेने नव्हे, खराबीने येते. म्हणून तर घातल्यावर तपासायची.

आखाती | सोमवार, रात्री ८:१०

दर खरंच का वाढलेत? इथेही तीच बोंब आहे.

बेरीजवजाबाकी | सोमवार, रात्री ८:४०

जगातल्या बहुतेक रॅमच्या चिपा तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाकीची नावं यांच्याच चिपा पट्टीवर बसवून विकतात. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची इतकी मागणी लावली की कारखान्यांनी आपली ताकद तिकडे वळवली, तिथे नफा जास्त. डीडीआर४ तर त्या तशाही आवरती घेत होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांना थेट विकायचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. १९९६ पासूनचं नाव! माझ्या तीन लॅपटॉपांत क्रुशल आहे, वाईट वाटलं. तर ताईंना आलेली चक्कर खरी आहे.

या हिशोबाने १६ + ४ ला माझा विरोध मी अर्धा मागे घेतो. अर्धाच.

पेंग्विनपाळ | सोमवार, रात्री ९:००

दर पाहता मी पुन्हा सांगतो...

अनुवादिनी | सोमवार, रात्री ९:०२

नको!

हॉस्टेल_खोली_४ | सोमवार, रात्री ९:३०

एक शंका. कमांडने 'मॅक्स कपॅसिटी', म्हणजे जास्तीत जास्त किती रॅम चालते ते, काढता येते ना? माझ्यावर ती भलतीच येते. शिवाय टी४८० ची अधिकृत मर्यादा ३२ वाचली, पण लोक ६४ चालवतायत. खरं काय?

पाना_नं_१० | सोमवार, रात्री ९:५०

ती कमांड बायोस (यंत्र चालू होताना चालणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) बनवणाऱ्याने लिहून ठेवलेला आकडा वाचून दाखवते, तो बऱ्याचदा चुकीचा असतो. माहितीपत्रकात असतो तो त्या वेळी कंपनीने तपासलेला आकडा. लॅपटॉप बाजारात आला तेव्हा ३२ ची एक स्टिकच मिळत नव्हती, तर तपासणार काय? म्हणून टी४८० मध्ये ६४ चालतात, कंपनीचं पत्रक मात्र ३२ वरच थांबलंय. पण हे सगळ्या यंत्रांना लावू नका. नवख्याचंच बघा, त्याच्या पिढीला ८ म्हणजे ८. तेव्हा प्रोसेसरची पिढी बघायची, मग त्याच मॉडेलवर कुणी जास्त घालून चालवलीय का ते शोधायचं. आपण पहिले होऊ नये.

अनुवादिनी | मंगळवार, सकाळी ११:००

ठरलं, १६ + ४. आज दुकानात जातेय. त्याआधी आत डोकावून जुन्या स्टिकवरचं लेबल वाचावं म्हणते. झाकण उघडताना काय काळजी घेऊ? मी आत्तापर्यंत मिक्सरसुद्धा उघडलेला नाही.

पाना_नं_१० | मंगळवार, सकाळी ११:२५

टी४८० म्हणजे उघडायला सज्जन यंत्र. पण त्याला दोन बॅटऱ्या आहेत हे विसरू नका. मागची निघते, एक आत असते. म्हणून आधी हे करा: चार्जर काढा, यंत्र चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा, कॉन्फिगमध्ये पॉवर, तिथे सगळ्यात खाली 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' आहे. ते दाबलं की यंत्र बंद होतं आणि आतला प्रवाह तुटतो. मग मागची बॅटरी काढा. तळाचे स्क्रू ढिले करा, ते झाकणालाच लटकून राहतात, हरवत नाहीत. मग कडेने जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू टिकटिक करत झाकण सोडवा. बिजागऱ्यांच्या बाजूने सुरुवात करा. एखादी क्लिप 'टक्' करेल, घाबरू नका.

स्टिकच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की ती आपोआप तिरकी उठते. नवीन घालतानाही तशीच तिरकी, खाच जुळवून, सोनेरी दात पूर्ण आत जाईपर्यंत, आणि मगच खाली दाबा. दात अर्धे दिसत असताना दाबू नका.

कुळीथपिठी | मंगळवार, सकाळी ११:४०

आणि दातांवरून आधी खोडरबर फिरवा. आमच्याकडे पावसाळ्यात दरवर्षी यंत्र बंद पडायचं, रबर फिरवला की चालू.

बेरीजवजाबाकी | मंगळवार, सकाळी ११:४८

खोडरबर नको! सोन्याचा मुलामा पातळ असतो, घासून जातो, आणि रबराचा चुरा स्लॉटात पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड.

कुळीथपिठी | मंगळवार, सकाळी ११:५५

वीस वर्षांत आमचं सोनं गेलं नाही. तुमचं अल्कोहोल सावंतवाडीत मिळायला दोन दिवस लागतात.

पाना_नं_१० | मंगळवार, दुपारी १२:१०

नव्या कोऱ्या स्टिकला दोन्ही नको. जुनी, हिरवट पडलेली असेल तर अल्कोहोल चांगलं. ते नसेल तर मऊ पांढरा खोडरबर, हलक्या हाताने, स्लॉटापासून लांब, नंतर फुंकर न घालता ब्रशने झटकून. फुंकरीत थुंकी असते. आता भांडण मिटवा.

नायलॉनची साडी किंवा स्वेटर घालून बसू नका, ताई. आधी धातूच्या नळाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

नवखा७७ | मंगळवार, दुपारी १:००

एल वाली मिळाली. ८ जीबी दिसतेय! दुकानदार म्हणाला, 'तेच सांगत होतो मी.' काय बोलणार.

अनुवादिनी | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

वृत्तांत.

लेबल वाचलं: ४जीबी १आर×१६ पीसी४-२४००टी. वहीत उतरवलं आणि मोजपट्टी घेऊन गेले. हसू नका. मी '१६ ची डीडीआर४' म्हटल्यावर त्या पोराने आतून लांबलचक पट्टी काढून आणली. मी पर्समधून मोजपट्टी काढली. तेरा सेंटीमीटरच्या वर! म्हटलं, बाळा, लॅपटॉपची जेमतेम सात असते. तो मोजपट्टीकडे बघतच राहिला. नंतर बरोबर आणून दिली: १६ जीबी, ३२००, तीन वर्षांच्या वॉरंटीसह, बिल घेतलं. आता बसवते.

बेरीजवजाबाकी | मंगळवार, संध्याकाळी ५:४४

मोजपट्टीला साष्टांग नमस्कार.

अनुवादिनी | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

पाना, आहात का? बसवली. झाकण लावलं. मागची बॅटरी घातली. बटण दाबलं तर काहीच नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. तीन वेळा उघडून पुन्हा बसवली. मोबाइलवरून लिहितेय, हात कापतायत. उद्या बाराला फाइल द्यायची आहे.

अनुवादिनी | मंगळवार, संध्याकाळी ६:४९

कुणी आहे का?

पाना_नं_१० | मंगळवार, संध्याकाळी ६:५२

आहे, गाडी चालवत होतो. चार्जर लावलाय का?

अनुवादिनी | मंगळवार, संध्याकाळी ६:५३

नाही. बॅटरी भरलेली आहे.

पाना_नं_१० | मंगळवार, संध्याकाळी ६:५४

लावा. तुम्ही बायोसमधून बॅटरी बंद केली होती, ती चार्जर लावल्याशिवाय परत जागी होत नाही. हे मी सकाळीच सांगायला हवं होतं, चूक माझी. लावून बटण दाबा आणि स्क्रीन काळी राहिली तरी दोन मिनिटं हात लावू नका. नवी रॅम दिसली की यंत्र पहिल्यांदा तिची ओळख करून घेतं, तोवर काही दाखवत नाही.

अनुवादिनी | मंगळवार, संध्याकाळी ७:०१

आली!!!

सुमारे अर्धा मिनिट काळोख होता, त्यात मी गणपतीपासून मारुतीपर्यंत सगळे आठवले. आता २०.० जीबी दिसतेय, वापरण्याजोगी १९.९. स्पीड २४००. स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २, या वेळी मनापासून.

बेरीजवजाबाकी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

अभिनंदन. ती ०.१ ग्राफिक्स वगैरेंसाठी राखलेली असते, विक्रेत्याकडे मागायला जाऊ नका. आता सीपीयू-झेड हे यंत्राची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून त्यातल्या एसपीडी टॅबमध्ये स्टिक स्वतःला काय म्हणवते ते बघा. लेबल एक आणि आत दुसरंच असे प्रकार बाजारात आहेत. आणि आज रात्री मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी पेनड्राइव्हवरून चालू करून झोपा. एक जरी चूक दाखवली तरी स्टिक परत. 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका.

अनुवादिनी | बुधवार, सकाळी ८:१०

चार फेऱ्या, शून्य चुका. एसपीडीतही १६ आणि ३२००, लेबलसारखंच. सकाळपासून सगळं उघडं ठेवलंय, मुद्दाम जास्तीचे टॅबसुद्धा: ११ जीबी, ५६ टक्के. बाण पळतोय. भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने अंगठा दाखवला. बस.

एक ४ ची स्टिक उरली आहे. देवघराखालच्या खणात ठेवायची नाही. कुणाला हवी आहे का? फुकट, कुरिअर माझं.

नवखा७७ | बुधवार, सकाळी ८:३०

मला!

पाना_नं_१० | बुधवार, सकाळी ८:३३

तुला नाही. तुझी डीडीआर३, ही डीडीआर४. बसणार नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नकोस.

हॉस्टेल_खोली_४ | बुधवार, सकाळी ९:१५

ताई, मला चालेल बहुतेक. माझ्या लॅपटॉपला ४ बोर्डावर झाळलेली आणि एक स्लॉट आहे. तो रिकामा आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

अनुवादिनी | बुधवार, सकाळी ९:१७

विकणाऱ्याने. बरं. टास्क मॅनेजर उघड, मेमरी, खालच्या चार ओळी.

हॉस्टेल_खोली_४ | बुधवार, सकाळी ९:२६

डीडीआर४, स्पीड २४००. फॉर्म फॅक्टर: रो ऑफ चिप्स. स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २.

पाना_नं_१० | बुधवार, सकाळी ९:३०

'रो ऑफ चिप्स' म्हणजे झाळलेली. दुसरी जागा खरंच रिकामी दिसतेय. ४ वर ४, दोन्ही वाटा सारख्या, बेरीजभाऊसुद्धा खूश. तरी आधी झाकण उघडून डोळ्यांनी बघ.

हॉस्टेल_खोली_४ | बुधवार, दुपारी १:०५

उघडलं. स्लॉट आहे, रिकामा आहे, फक्त धूळ आहे.

अनुवादिनी | बुधवार, दुपारी १:२०

पत्ता निरोपातून पाठव. फाइल दिली की आजच टाकते. सोबत पांढरा खोडरबरही टाकू का?

बेरीजवजाबाकी | बुधवार, दुपारी १:२१

नको!!